खदखद आपली, दुकान त्यांचे

५ जुलै २०२५ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन ठाकरे चुलतबंधू वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले. निमित्त होते पहिलीपासून हिंदी लादण्याचे. राज्य सरकारने १६ एप्रिल आणि १७ जून रोजी काढलेले दोन्ही शासन निर्णय २९ जूनला गुंडाळले, त्याचा हा विजयी मेळावा. हिंदीची सक्ती चुकीचीच होती, ती मागे घ्यावी लागली हेही चांगलेच झाले. याबाबत आंबेडकरी माणसाने हात आखडता घेण्याचे कारण नाही. पण त्या दिवशी दूरचित्रवाणीवर टाळ्या ऐकताना या लेखकाला त्याच वरळीतील दुसरी एक जागा आठवत होती. डोमपासून फार लांब नाही ती बीडीडी चाळ. ५ जानेवारी १९७४ रोजी तिथल्या मैदानावर दलित पँथरची सभा झाली, सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या-गोळ्या आल्या आणि वरळी-नायगावच्या चाळी पेटल्या. पाच दिवसांनी, १० जानेवारीला, निषेध मोर्चावर वरून टाकलेला दगड डोक्यात पडून भागवत जाधव शहीद झाले. दगड मारणारा कोण होता? तोही चाळीतलाच होता. तोही गिरणीतच जात होता, त्यालाही मराठीच येत होती आणि त्याच्याही घरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उधारीवरच चूल पेटत होती. मग मराठी माणसाचे राज्य आणायला निघालेल्या त्या हाताने दगड मराठी माणसावरच का टाकला?

या प्रश्नाचे उत्तर ‘जातीयवाद’ या एका शब्दात देऊन आपण मोकळे होतो. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जात तर १९५६ मध्येही होती, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होती. त्या लढ्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि नंतर रिपब्लिकन पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी एकाच समितीत होते. मग अवघ्या दशकभरात असे काय झाले? माझ्या मते दोन गोष्टी झाल्या. लोकांच्या मनात खरी खदखद साचली, आणि ती विकत घेऊन परत त्यांनाच विकणारा हुशार विक्रेता भेटला.

आधी खदखदीबद्दल. ती खरी होती हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. १०५ हुतात्मे झाले. पण मुंबई मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले? १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी बोलणारे होते सुमारे ४३ टक्के. गिरण्या, पेढ्या आणि कंपन्या ज्यांच्या होत्या त्यांच्याच राहिल्या. मॅट्रिक होऊन, टायपिंगचा क्लास करून मराठी पोरगा फोर्टमधल्या कचेऱ्यांचे जिने चढउतार करी आणि ‘जागा नाही’ ऐकून परत येई. इंग्रजी आणि शॉर्टहँडमध्ये तयार असलेला दाक्षिणात्य उमेदवार तिथे आधीच बसलेला असे. राज्य आपले आणि नोकरी दुसऱ्याची, ही टोचणी काही कुणी बाहेरून आणून पेरलेली नव्हती.

आता विक्रेता. १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू झाले. प्रकाशन केले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. चालवणारा माणूस ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार होता. व्यंगचित्रकाराची विद्या ध्यानात घेतली पाहिजे. समोरच्या माणसाचे नाक, कान, कपडे यातली एक गोष्ट तो उचलतो आणि ती एवढी मोठी करतो की माणूस शिल्लकच राहत नाही, उरते ती लुंगी. कागदावर हे चालते, हसूही येते. पण तीच विद्या मैदानात उतरली की समोरचा कारकून, उडुपी हॉटेलातला पोऱ्या, शेजारच्या खोलीतली बाई हे सगळे एका लुंगीत कोंबले जातात आणि त्या लुंगीला हात घालायला कुणाला काही वाटत नाही. ‘मार्मिक’मध्ये मुंबईतल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या याद्या छापून येऊ लागल्या. वर मथळा ‘वाचा आणि थंड बसा’. खाली नावे, ओळीने नुसती नावे, बहुतेक दाक्षिणात्य. त्यावर भाष्य जवळजवळ नाही. भाष्याची गरजच नव्हती.

वकिली करणाऱ्या माणसाला यादी दिसली की तो आधी पाहतो यादीत काय नाही ते. त्या याद्यांत कारकून होते, अधिकारी होते. त्यांना नोकरीवर ठेवणारा नव्हता! भरती कोण करत होता, पगार कोण ठरवत होता, मराठी शाळेत इंग्रजी आणि टंकलेखन का शिकवले जात नव्हते, राज्य सरकारने औद्योगिक परवाने देताना स्थानिकांना नोकरीची अट का घातली नव्हती, यातले एकही नाव यादीत नाही. कर्जदाराच्या दाव्यात सावकाराचे नावच वगळून शेजाऱ्याला प्रतिवादी करावे, तसा हा प्रकार. आणि हे विसरून झाले असे मला वाटत नाही. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली, त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला आणि पुढल्या काही वर्षांत तिला लोक ‘वसंतसेना’ म्हणू लागले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या नावावरून. गिरणगावातला लाल बावटा मोडायला कुणीतरी हवेच होते. मालकांनाही हवे होते आणि सत्ताधाऱ्यांनाही. १९६७ च्या डिसेंबरात परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर सेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. लुंगीविरुद्ध सुरू झालेल्या लढाईने चार वर्षांत मारला कोण, तर गिरणी कामगारांचा मराठी आमदार.

(जाता जाता एक गोष्ट. ‘शिवसेना’ हे नाव सुचवले ते प्रबोधनकार ठाकरे यांनी. ब्राह्मण्यावर, हुंड्यावर, देवळांच्या धंद्यावर ज्यांनी कोरडे ओढले, ज्यांचा शाहू महाराजांशी आणि बाबासाहेबांशी स्नेह होता, ते प्रबोधनकार. त्यांचे लिखाण सेनेच्या किती शाखांमध्ये वाचले गेले, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.)

विक्रेत्याचे मोठेपण असे की तो एकाच मालावर थांबत नाही. गिऱ्हाईक तेच, दुकान तेच, मालावरचे लेबल मात्र बदलत जाते. १९६६ मध्ये दाक्षिणात्य, मग कम्युनिस्ट. १९७४ मध्ये पँथर. १९७८ नंतर मराठवाड्यात नामांतरवादी, १९८४ नंतर मुसलमान. आणि घरात वाटणी होऊन २००६ मध्ये दुसरे दुकान निघाले तेव्हा २००८ मध्ये उत्तर भारतीय टॅक्सीवाला आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेला बिहारी पोरगा. मधल्या चाळीस वर्षांत मराठी तरुणाच्या नोकरीचा प्रश्न सुटला असता तर २००८ मध्ये त्याच वाक्यांना त्याच टाळ्या पडल्या नसत्या. प्रश्न सुटला तर दुकान बंद होते, हे विक्रेत्याला आपल्यापेक्षा आधी कळते.

पण सगळा दोष विक्रेत्यावर टाकून आपली सुटका नाही. माल खपतो कारण जमीन तशी आहे. ही जमीन बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिली होती. या देशातली असमानता सरळ नाही, ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी आहे आणि प्रत्येकाच्या पायाखालीही कुणीतरी आहे. त्यामुळे वरच्याविरुद्ध सगळे मिळून उठतील असे होत नाही, कारण उठणाऱ्याला खालच्यावरचा आपला पाय सोडावा लागतो. युरोपातला कामगार भडकला तर मालकाकडे बघे. आपल्याकडचा भडकला की आधी मागे वळून पाहतो, खालच्या पायरीवरचा वर तर येत नाही ना! दिशा अशी आयती ठरलेली. विक्रेत्याला फक्त धक्का द्यायचा असतो.

मराठवाड्यात नेमके हेच झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्या रात्रीपासून गावेच्या गावे पेटली. मराठवाड्याचा मागासलेपणा खरा होता. निजामाच्या राजवटीतून आलेला, पाण्याविना, रेल्वेविना, कारखान्यांविना राहिलेला तो प्रदेश. तिथल्या शेतकऱ्याच्या मुलाला मुंबई-पुण्याबद्दल राग असायला हवा होता, अनुशेषाबद्दल असायला हवा होता. तो राग गेला कुणाच्या झोपडीवर? ज्याचा पोरगा मिलिंद महाविद्यालयात शिकून तहसील कचेरीत कारकून झाला होता त्याच्या. विद्यापीठाच्या कमानीवर एक नाव लागल्याने कुणाचा बांध सरकत नव्हता, कुणाचे पीक बुडत नव्हते. पण खालच्या पायरीवरचा माणूस मान वर करून बघतो आहे हे त्या कमानीने सांगितले असते, आणि ते सोसवत नव्हते. सेना मराठवाड्यात उतरली ती याच तापलेल्या तव्यावर. घरात पीठ नसताना विद्यापीठ कशाला, ही कुचेष्टा मैदानात केली गेली आणि तिला हशा पिकला. पुढे १९८७-८८ मध्ये ‘रिडल्स’चा वाद उकरला गेला. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी आंबेडकरी जनतेचा विराट मोर्चा मुंबईत निघाला, आणि नंतर हुतात्मा चौक ‘शुद्ध’ करून घेण्यात आला! १०५ हुतात्म्यांच्या चौकात मराठी माणसाच्या पायाने विटाळ झाला, असे मराठी माणसाच्याच पक्षाने ठरवले. त्याच वर्षी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तिथल्या महापालिकेत सेनेने मुसंडी मारली. नामांतरासाठी आम्हाला १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि मिळाला तो नामविस्तार.

कायदा कुठे होता, असे वाचक विचारतील. ते विचारणे योग्यच आहे. कायदा होता, पण तो बैलगाडीतून येत होता. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली. धर्माच्या नावाने उघड मते मागितली गेली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे हा भ्रष्टाचार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते शिक्कामोर्तब केले ११ डिसेंबर १९९५ रोजी. म्हणजे आठ वर्षांनी. मधल्या काळात बाबरी पडली, मुंबईत ९०० माणसे दंगलीत मेली आणि मार्च १९९५ मध्ये मंत्रालयावर भगवा फडकलाही. ज्यांच्या भाषणांमुळे ती निवडणूक रद्द झाली त्या सेनाप्रमुखांचा मताधिकार काढून घेण्याचा आदेश निघाला १९९९ मध्ये. भाषण १९८७ चे आणि परिणाम १९९९ मध्ये!

यातली खरी गंमत पुढेच आहे. त्या प्रभू प्रकरणाच्या निकालपत्रात न्यायालयाने हिंदुत्व म्हणजे एक जीवनपद्धती अशा अर्थाचे काही परिच्छेद लिहिले. झाले! निकाल विरोधात गेला, निवडणूक रद्द झाली, भाषणे दोषी ठरली. पण बाजारात गेले ते तेवढे परिच्छेद. गेली तीस वर्षे ‘सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे’ म्हणून ते ऐकवले जातात आणि ऐकणाऱ्यांपैकी हजारात एकालाही ठाऊक नसते की हा ऐकवणाऱ्याच्या पराभवाचा निकाल होता. स्वतःच्या दोषसिद्धीची जाहिरात करणारा विक्रेता मी तरी दुसरा पाहिला नाही.

फौजदारी बाजूने पाहावे तर तीही तशीच. समाजासमाजांत शत्रुत्व पसरवण्याचा गुन्हा भारतीय दंड विधानात १५३ अ या कलमाखाली होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत कलम १९६ म्हणून आहे. पण न्यायालयाला दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. पूर्वीही लागे आणि नव्या कायद्यातही लागते. म्हणजे सरकारविरुद्धच्या कार्यकर्त्याला मंजुरी एका रात्रीत, आणि मते आणून देणाऱ्या वक्त्याच्या फाईलवर वर्षानुवर्षे धूळ. मुंबई दंगलीच्या काळातल्या ‘सामना’च्या अग्रलेखांबद्दल निवृत्त सनदी अधिकारी जे. बी. डिसूझा यांनी उच्च न्यायालयात याचिका केली, ती फेटाळली गेली. पुढे सरकार बदलले. गृहमंत्री झालेले छगन भुजबळ हे स्वतः जुने सेनानेते, त्यांच्या काळात मंजुरी निघाली आणि २५ जुलै २००० रोजी अटक झाली. त्याच दिवशी मॅजिस्ट्रेटने खटला मुदतबाह्य म्हणून काढून टाकला. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला तीन वर्षांत दखल घ्यावी लागते, इथे सात होऊन गेली होती. कायद्याच्या दृष्टीने मॅजिस्ट्रेटचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. चुकले ते सात वर्षे फाईल दाबून बसणाऱ्यांचे, आणि त्यात आपल्या मतांवर निवडून आलेले ‘सेक्युलर’ सरकारही होते, हे विसरू नये.

आता गिऱ्हाइकाला काय मिळाले त्याचा हिशेब. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर सुटलाच नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरले होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राज्यात नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. दादरची कोहिनूर मिल २००५ मध्ये ४२१ कोटींना गेली, आणि घेणाऱ्यांत मराठी अस्मितेच्या राजकारणातल्या घराण्यांशी संबंधित कंपन्याही होत्या. आज शिवसेना भवनासमोर त्या जागी टॉवर उभा आहे. गिरणीतला मराठी कामगार वांगणी-बदलापूरला गेला. ‘वाचा आणि थंड बसा’ म्हणून त्या व्यवहाराची यादी कुणी छापल्याचे माझ्या वाचनात नाही.

हे केवळ मुंबईचे आहे असे नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या दहा वर्षांत कारखान्यांतल्या ५० लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. ओहायो-पेनसिल्व्हेनियाची पोलादाची गावे भकास झाली. तिथली खदखदही खरीच होती. तिला गिऱ्हाईक मिळाले ते २००४ पासून दूरचित्रवाणीवर लोकांना नोकरीवरून काढण्याचा खेळ करणाऱ्या एका बिल्डरच्या रूपाने. डोनाल्ड ट्रम्प यांनी आपली घोषणा २०१२ मध्येच ट्रेडमार्कसाठी दाखल केली होती, उमेदवारी जाहीर केली १६ जून २०१५ रोजी. आधी लेबल, मग माल! कारखाने बाहेर नेले ते कंपन्यांनी, दोषी ठरला मेक्सिकन मजूर. सत्ता आल्यावर २०१७ च्या अखेरीस कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून २१ वर आला. पुढे याच गृहस्थांनी बूट आणि बायबलही विकायला काढले. यात आपल्यासाठी धडा आहे तो न्यूजर्सी-टेक्सासमधल्या मराठी मंडळींचा. २०१९ च्या सप्टेंबरात ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये हजारो भारतीयांनी दोन नेत्यांसाठी हात उंचावून टाळ्या वाजवल्या. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची फी बसली. ज्यांच्या काकांनी दादरला लुंगीवाल्याची टर उडवली, त्यांची मुले आज तिथल्या यादीत लुंगीवाले झाली आहेत. मला यात आनंद नाही, आपलीही मुले त्यात आहेत.

इथवर लेख वाचून आपल्या वाचकांना बरे वाटले असेल. दुसऱ्याचे दुकान उघडे पडताना बरे वाटतेच. म्हणून आता आपल्या घरात यावे लागेल.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी जे इशारे दिले त्यात एक भक्तीबद्दलचा होता. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा त्याचा आशय. आपण तो २६ नोव्हेंबरला भाषणात सांगतो आणि २७ तारखेला आपापल्या ‘साहेबां’चे फ्लेक्स चौकात लावतो. रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला बसू नये. प्रत्येक तुकड्याचा एक साहेब आहे आणि प्रत्येक साहेबाचा मुख्य माल म्हणजे दुसऱ्या साहेबाची गद्दारी. नामदेव ढसाळ यांच्यासारखा महाकवी, १९७२ मध्ये पँथर उभी करणारा माणूस, अखेरच्या काळात ‘सामना’त सदर लिहीत होता. २०११ मध्ये शिवशक्ती-भीमशक्ती झाली. २३ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा एकदा दुसऱ्या तऱ्हेने झाली, आणि वर्षभरात विस्कटली. राजकारणात युती करावी लागते, मी सोवळे पाळणारा नाही. पण दरवेळी भागवत जाधवांच्या चाळीत जाऊन कुणी सांगितले का, की आता दुकानदाराने काय बदलले आहे?

याहून नाजूक गोष्ट आहे, आणि ती लिहिण्यासाठीच हा लेखप्रपंच. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. महाराष्ट्र सरकारने समिती नेमली. माझे मत या निकालाच्या विरोधात आहे. अनुसूचित जाती हा अस्पृश्यतेच्या एका धाग्याने बांधलेला वर्ग आहे, तो तोडण्याचा अधिकार राज्य सरकारांच्या हाती देणे म्हणजे कुऱ्हाड देणे, असे मला वाटते. मातंग बांधवांचे मत वेगळे आहे, आणि ते लबाडीतून आलेले नाही. अण्णाभाऊंचा समाज आजही अनेक गावांत आपल्यापेक्षा बिकट अवस्थेत आहे, शिक्षणात मागे राहिला आहे, आणि त्याच्या मनातही एक खदखद आहे. ती खरी आहे. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असे मी वर मराठी कारकुनाबद्दल लिहिले. तेच इथे लिहिताना हात का अडखळावा?

गेल्या पावसाळ्यात, वर्षावासातल्या एका रविवारी, एका विहारात वंदनेनंतर उपवर्गीकरणावर चर्चा होती. मला कायद्याची बाजू सांगायला बोलावले होते. माझे बोलणे संपल्यावर एका तरुणाने मोबाईल पुढे केला. चांगला मुलगा, पदवीधर, तीन वर्षे स्पर्धा परीक्षा देणारा. मोबाईलवर एक यादी फिरत होती. कुठल्याशा भरतीत अनुसूचित जातीच्या जागांवर लागलेल्या मुलांची नावे, आणि आडनावांवरून प्रत्येकासमोर कंसात जात लिहिलेली. वर एक मथळा होता, तो मी इथे छापत नाही. मुलगा म्हणाला, “सर, हे बघा, आता कोण खातंय ते.” मागून कुणीतरी सांगितले की मातंग वस्तीतही अशीच एक यादी फिरते आहे, तिच्यात नावे आपली आहेत. दोन्ही याद्या एकाच ठिकाणी तयार झाल्या असतील काय? मला पुरावा नाही, म्हणून आरोप करत नाही.

मी त्याला विचारले, या यादीत एकूण जागा किती होत्या ते लिहिले आहे का? नव्हते. या खात्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, अनुसूचित जातीचा अनुशेष किती? नव्हते. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतले आरक्षण कुणाच्या सहीने गेले, त्याचे नाव आहे का? ६ सप्टेंबर २०२३ रोजी सरकारी पदे खासगी एजन्सींमार्फत भरण्याचा निर्णय झाला आणि बोंब झाल्यावर ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला, त्या एजन्सींची नावे आहेत का? विहारात शांतता झाली. ५९ जातींमध्ये १३ टक्के वाटून घेण्यावरून भांडायला आम्ही बसलो होतो, आणि १३ टक्के कशाचे, तो आकडा त्या खोलीत एकाकडेही नव्हता. माझ्याकडेही नव्हता, हे कबूल करतो.

तेव्हा केसपुत्त नगरीतल्या कालामांची गोष्ट निघाली. तिथल्या लोकांनी भगवान बुद्धांकडे तक्रार केली होती की येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलेच मत उजळून दाखवतो आणि दुसऱ्याचे धुळीत मिळवतो, आम्ही खरे कुणाचे मानावे? बुद्धांनी त्यांना आपला माल खपवला नाही. त्यांनी उलट विचारले, माणसाच्या मनात लोभ, द्वेष, मोह उपजतो तो त्याच्या हितासाठी की अहितासाठी? विहारातल्या एका वयस्क उपासिका लगेच म्हणाल्या, “मग ती यादी वाचून आपल्या मनात काय उपजलं, तेच बघा की.” त्यावर तो मुलगा काही बोलला नाही, पण त्याने यादी पुढे पाठवली नाही एवढे खरे. निदान माझ्यासमोर तरी.

त्याच संध्याकाळी आम्ही बसून माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहिले, सहा खात्यांचे. मंजूर पदे, रिक्त पदे, कंत्राटी पदे, एजन्सीचे नाव, बिंदुनामावली आणि शेवटची भरती केव्हा, एवढेच विचारले आहे. अर्जांवर सही त्या मुलाची आहे, आणि त्याने शोधून आणलेल्या त्याच्या वर्गातल्या एका मातंग मित्राचीही. दोघेही एकाच अभ्यासिकेत बसतात, हे आम्हाला तेव्हा कळले. कायद्याप्रमाणे तीस दिवसांची मुदत आहे. दोन खात्यांनी ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर पाठवले, त्यावर पहिले अपील केले आहे. बाकी चारांचे उत्तर नाही. आकडे हाती आले की त्या यादीच्या जागी ते छापू, दोन्ही वस्त्यांसाठी.